पंप उतरवण्याआधी

दापोडी, पुणे
२ नोव्हेंबर

चि. बाळूस,


तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज नीट ऐकला. सकाळी गाडी उठत नाही, दिवे घाट चढताना दम तोडते, केबिनमध्ये डिझेलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडलंय. शेवटी आवाज बारीक करून ड्रायव्हर अण्णांबद्दल जे बोललास तेही ऐकलं. त्यावर पुढे बोलतो. तुझा मिस्त्री म्हणतो, पंप उतरवा, नोझल काढा, सगळं कॅलिब्रेशनला द्या. तसं करू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत पंपाच्या बोल्टला पाना लावू देऊ नकोस. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण ऐकलेलं गाडीखाली शिरल्यावर आठवत नाही. कागद डॅशबोर्डवर ठेवता येतो.

तुझ्या सगळ्या तक्रारी एका दुखण्याच्या नाहीत. मला तरी त्यात दोन वेगळी दुखणी दिसतात, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे तुम्ही सगळे गोंधळलात. ती वेगळी करायची तर आधी डिझेल टाकीतून नोझलपर्यंत कुठून जातं ते डोळ्यांसमोर आण.

तुझा २००४ चा १६१३ ट्रक, म्हणजे ६९७ इंजिन: सहा सिलिंडर, ५,६७५ सीसी, आणि सगळा कारभार यांत्रिक. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. तुझ्या वयाच्या पोरांना हे मागासलेलं वाटतं. मला विचारशील तर रस्त्याच्या कडेला पाना आणि चिंधी घेऊन बरी करता येईल अशी हीच गाडी. टाकीच्या आत उभी नळी असते, तिच्या तोंडाशी जाळी. तिथून चासीच्या कडेने पाईप पुढे येतो आणि फीड पंपात शिरतो. फीड पंप म्हणजे मोठ्या पंपाच्या, मिस्त्री उतरवायचा म्हणतो त्या पंपाच्या, अंगाला चिकटलेला तो छोटा पंप, ज्याच्यावर हाताने मारायचा दट्ट्या असतो. तो डिझेल ओढतो आणि फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमधून ते मोठ्या पंपात जातं, तिथून सहा लोखंडी पाईपांनी सहा नोझलना. उरलेलं डिझेल परतीच्या नळीने टाकीत.

या वाटेवर फीड पंप ही हद्द समज. त्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, डिझेल ओढलं जातं. पलीकडे ते ढकललं जातं. ढकलण्याच्या बाजूला फट पडली की डिझेल बाहेर येतं, थेंब दिसतो, वास येतो, कोणीही दाखवू शकतं. ओढण्याच्या बाजूला फट पडली तर इंजिन चालू असताना बाहेर काहीच येत नाही, उलट हवा आत शिरते. शहाळ्यात घातलेल्या नळीला वरच्या अंगाला भोक पडलं की कितीही ओढ, पाण्याऐवजी फुस्स हवा तोंडात येते, तसंच. पाईप कोरडा ठणठणीत, हात फिरवला तर बोटाला डाग नाही, आणि तरी गळका. सगळ्यात जास्त पैसे याच कोरड्या गळतीने खाल्लेले मी वर्कशॉपच्या सगळ्या नोकरीत पाहिले. दिसत नाही म्हणून मिस्त्री ती सोडून देतो आणि जे दिसतं ते, म्हणजे पंप, उतरवतो.

सकाळी गाडी न उठणं आणि घाटात दम तोडणं हे माझ्या मते कोरड्या गळतीचं काम आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की फटीतून हवा शिरते आणि पाईपातलं डिझेल हळूहळू परत टाकीत उतरतं. सकाळी स्टार्टर मारला की पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते, आणि हवा दाबली जाते पण नोझल उघडत नाही. मग तुम्ही स्टार्टर मारत बसता, बॅटरी बसते, आणि दोष बॅटरीवर जातो. एकदा सुरू झाली की सपाटीला ठीक चालते, कारण तिथे डिझेलची ओढ कमी असते. पुण्याहून भरून फलटणला परत जाताना दिवे घाटाच्या चढाला इंजिन पोटभर डिझेल मागतं, ओढ वाढते, तीच फट जास्त हवा घेते आणि गाडी गुदमरते.

आता परीक्षा. यातली एकही परीक्षा मोठ्या पंपाला हात लावून करायची नाही.

सकाळी स्टार्टर मारण्याआधी फीड पंपाचा दट्ट्या मारून बघ. तो पोकळ लागला, आणि बराच वेळ मारल्यावर हाताला जड लागू लागला, आणि त्यानंतर गाडी पहिल्या झटक्यात उठली, तर रात्री डिझेल मागे गेलं होतं हे पक्कं. किंवा नुसतं अण्णांना विचार, टाकी भरलेली असते त्या सकाळी गाडी लवकर उठते का. भरल्या टाकीला डिझेलची पातळी वर असते, मागे उतरायला वाव कमी. टाकी अर्ध्यावर आली की त्रास वाढत असेल तर तुझं उत्तर निम्मं आलंच. ड्रायव्हरला या गोष्टी ठाऊक असतात, पण मालक कधी विचारत नाही.

दुसरी परीक्षा माझ्या आवडीची. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घे, त्यात गाळलेलं डिझेल भर. टाकीकडून येणारा पाईप फीड पंपापाशी सोड, त्याचं तोंड बांधून ठेव, आणि त्या जागी नव्या रबरी नळीचा तुकडा लावून तिचं दुसरं टोक कॅनमध्ये सोड. कॅन गरम भागापासून लांब, घट्ट बांधून ठेवायचा. हवा काढ, गाडी सुरू कर, उभ्या उभ्या रेस दे, बंद करून तासाभराने पुन्हा उठव. कॅनवर गाडी लोण्यासारखी चालली तर पंप, नोझल, फिल्टर सगळे सुटले; गुन्हेगार टाकीत किंवा टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या पाईपात आहे. कॅनवरही तीच रडकथा असेल तर फीड पंपापासून पुढे शोध. एवढ्याशा या कामाने अर्धी गाडी तपासातून बाद होते. पंप उतरवणारा मिस्त्री हे का करत नाही, तर कॅन लावण्याची मजुरी कोणी देत नाही म्हणून.

खात्री करायची असेल तर फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसव, फक्त तपासापुरता. बुडबुडे वाहताना डोळ्यांनी दिसतील. मग एकेक जोड बाजूला काढत टाकीकडे सरक. तपास झाला की तो तुकडा काढून टाक. साध्या पारदर्शक नळ्या डिझेलने कडक होतात आणि चिरतात. ‘तात्पुरती’ म्हणून बसवलेली अशी नळी दोन वर्षांनी गाडी बंद पाडते तेव्हा ती कोणी बसवली ते कोणालाच आठवत नाही.

मधल्या पाईपात काय काय बघशील? चासीवरून इंजिनकडे येताना जिथे लोखंडी पाईप संपून रबरी नळी सुरू होते ती जागा पहिली, कारण इंजिन हलतं आणि चासी हलत नाही. क्लिपखालची नळी वाकवून बघ, बारीक चिरा दिसतील. क्लिपच्या जागी तार पिळली असेल तर ती आजच काढ. तार गोल दाबत नाही, दोन ठिकाणी कापते. वरून चांगली दिसणारी नळी आतून सुटलेली असू शकते. आतला थर फुगून सैल होतो आणि ओढ लागली की पडद्यासारखा मिटतो. ओढ थांबली की पुन्हा मोकळा. ही नळी काढून फुंकर मारून बघितलीस तर आरपार जाते आणि तू तिला निर्दोष सोडतोस. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या तपासत बसू नये, सरळ बदलाव्यात. मात्र डिझेलसाठीचीच नळी घे. पाण्याची जाळीदार नळी स्वस्त पडते, पण ती डिझेलसाठी नाही.

टाकीच्या झाकणाचंही सांगतो. झाकणाला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं. डिझेल उडतं म्हणून कोणीतरी झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घालतो. आपल्याकडे ही पद्धत जवळजवळ सर्वमान्य आहे. पिशवीने छिद्र बंद होतं, टाकीत हवा शिरत नाही, जसजसं डिझेल कमी होईल तसतशी आत पोकळी तयार होते आणि फीड पंप हरतो. तासाभराने गाडी मरते, झाकण उघडलं की सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो, आणि थोड्या वेळाने गाडी आपोआप बरी होते. घाटात पुन्हा दम तोडलाच तर गाडी बाजूला घेऊन सगळ्यात आधी झाकण सैल करायला सांग. त्याने बरी झाली तर खर्च शून्य.

आणि टाकी एकदा उतरवून धू. तळाची गंजाची पूड, पाणी, शेवाळासारखा काळा चिकट थर हे सगळं जाळीत अडकतं. पाणी कुठून येतं विचारशील, तर पावसाळ्यात झाकणातून, आणि बारा महिने अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतल्या भिंतीवर जमणाऱ्या दवातून. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू वाढतात, तो काळा थर त्यांचा. उसाच्या हंगामात गाडी रात्री उभी करताना टाकी भरलेली ठेव. उभी नळी काढशील तेव्हा तिच्या झाळणीवर नजर टाक. तिथे चीर गेली असेल तर टाकी अर्ध्यावर आली की ती नळी डिझेलऐवजी वरची हवा ओढते. बाहेर वर्षभर शोधलंस तरी ती सापडणार नाही.

आता वास. केबिनमधला वास म्हणजे ओली गळती. ओल्या गळतीबद्दल एवढंच लक्षात ठेव की जिथे थेंब पडतो तिथे गळत नाही. डिझेल पाण्यासारखं खाली सांडून मोकळं होत नाही. ते पसरतं, पाईपाच्या पाठीवरून चालतं, जोडावरून जोडावर उतरतं, आणि पंख्याचा वारा त्याला मागे फेकतो. तुझा मिस्त्री पंपाचं ओलं बूड दाखवून ‘पंप गळतोय’ म्हणाला असेल, तर त्याला सांग, पंपाच्या वर फिल्टर आहे. आधी इंजिनची ती सगळी बाजू धुऊन, पुसून, वाळवून घे. मग जोडांवर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर शिंपड. गाडी उभ्या उभ्या चालव, टॉर्च घेऊन बघत राहा. पावडर सगळ्यात आधी आणि सगळ्यात वर जिथे काळवंडेल ती जागा खरी. खालचे सगळे तिचे वाटेकरी.

बहुतेक वेळा ती जागा एखाद्या बँजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर निघते. दोन-चार रुपयांचा जिन्नस. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, त्याच जागी पुन्हा बसत नाही. मिस्त्री मग बोल्ट आवळत जातो, गळणं थांबत नाही, आणखी आवळतो, आणि एक दिवस बोल्ट मानेत तुटतो. बोल्ट सोडला की वायसर नवा. नवा नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून थंड कर, तांबं पुन्हा मऊ होतं. बसण्याची जागा मात्र सपाट आणि खरचटीविना हवी. नोझलच्या डोक्यावरून जाणाऱ्या परतीच्या बारीक नळ्याही बघ. त्यांत दाब जवळपास नसतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण वासाचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

यापुढचा मजकूर अण्णांना आणि क्लीनरलाही वाचून दाखव.

मोठ्या पंपापासून नोझलपर्यंत जाणाऱ्या त्या सहा लोखंडी पाईपांत दोनशे बार किंवा त्याहून जास्त दाब उसळतो. टायरमधला दाब त्यापुढे काहीच नाही. या पाईपाला केसाएवढी चीर गेली तर बाहेर थेंब येत नाही, धुक्यासारखी सुई येते, कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही. तिच्यापुढे बोट धरलंस तर डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेर टाचणी टोचल्याएवढा ठिपका, सुरुवातीला दुखतही नाही. माणूस चिंधीला हात पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजतं, आतलं मांस मरू लागतं, आणि उशीर झाला तर बोट काढावं लागतं. या जखमेला हळद नाही, मलम नाही, ‘सकाळी बघू’ नाही. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, ‘दाबाखालचं डिझेल बोटात शिरलंय.’ नुसतं ‘टोचलं’ म्हणालास तर टिटॅनसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. जखम लहान दिसते म्हणून ती लहान नसते, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असेलच असं धरू नकोस.

म्हणून इंजिन चालू असताना त्या पाईपांवरून हात फिरवायचा नाही. पुठ्ठ्याचा लांब तुकडा घे, डोळ्यांवर चष्मा घाल, लांबून पुठ्ठा पाईपाजवळून फिरव. पुठ्ठा जिथे ओला होईल तिथे चीर. पाना लावायचा तो इंजिन बंद करून. अशा फुटलेल्या पाईपाला पितळेची झाळणी करून देणारे कारागीर गावोगाव आहेत. त्यांच्या हाताला मी नावं ठेवत नाही, पण या पाईपाची झाळणी टिकत नाही, आणि टिकली तरी आतली वाट अरुंद होऊन त्या सिलिंडरचं माप बिघडतं. त्याच लांबीचा, त्याच आतल्या व्यासाचा तयार पाईप घ्यायचा. आणि तो का फुटला, तेही शोधायचं. दहांतल्या आठ वेळा पाईपांना एकत्र धरणारा क्लॅम्प कोणीतरी काढून फेकलेला असतो. क्लॅम्प नाही की पाईप थरथरतो, आणि नटाच्या मुळाशी तुटतो. तुझ्या गाडीला सगळे क्लॅम्प आहेत का, हे आजच मोज.

नट सोडताना दोन पाने लागतात. एकाने नट, दुसऱ्याने त्याखालचा पंपाचा होल्डर धरून ठेवायचा. होल्डर नटाबरोबर फिरला तर पंप खरंच कॅलिब्रेशनला द्यावा लागेल.

एक गळती अशी आहे की ती ना बाहेर येते, ना हवा घेते. ती आतल्या आत तेलात उतरते. फीड पंपाचा दांडा झिजला तर डिझेल त्याच्या बाजूने मोठ्या पंपाच्या पोटात जातं. काही पंपांना स्वतःचं तेल असतं, काहींना इंजिनचं. दुसऱ्या प्रकारात ते डिझेल इंजिनच्या चेंबरमध्ये पोचतं. म्हणून रोज सकाळी ऑइलची पट्टी बघायची. तेल कमी झालं तर सगळे ओरडतात. वाढलं तर कोणी बोलत नाही, उलट ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून खूश होतात. पातळी चढली असेल, बोटांत तेल पातळ लागत असेल, नाकाला डिझेल येत असेल, तर त्या क्षणापासून गाडी हलवायची नाही. पातळ तेलावर बेअरिंग जातं, क्रँकला ओरखडे पडतात, मग खर्चाचा आकडा पंपाच्या कितीतरी पुढे जातो.

हे सगळं आत्ताच एकदम का उद्भवलं, असं तू विचारलंस. गाडीचं वय हे एक कारण. दुसरं, डिझेल बदललंय. तुझी गाडी बनली तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधक भरपूर होतं. २०१७ मध्ये देशभर ५० पीपीएमचं डिझेल आलं, १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएमचं. हवेच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. पण गंधक काढताना तेलाची आणखीही घडण बदलते, आणि जुन्या तेलात फुगून घट्ट बसलेली जुन्या जातीची रबरी सीलं नव्या तेलात आकसू शकतात. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हाही जुन्या गाड्यांच्या पंपांमधून गळतीच्या तक्रारी आल्या होत्या. उपाय सोपा आहे: जुनी सीलं, ओ-रिंगा नव्या घालायच्या. हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात विकलं जाणारं तेल मात्र टाकीत जाऊ देऊ नकोस. त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि रबर तर ते खातंच. पूर्वी लोक रेशनचं निळं रॉकेल मिसळायचे. त्याला वंगण कमी, पंपाचे एलिमेंट त्याने घासून जायचे. वाचलेले पैसे पंपवाल्याच्या गल्ल्यात.

आता आगीचं. ‘डिझेल पेटत नाही’ हे वाक्य तू ट्रकवाल्यांत रोज ऐकतोस. काडी टाकली तर थंडीत पेटत नाही, खरं आहे. पण आपल्या देशातल्या डिझेलचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा, एवढीच प्रमाणाची अट आहे. फलटणला मे महिन्यात सावलीतला पारा त्याच्या वर असतो, बॉनेटखालचं तर विचारूच नकोस. शिवाय घाट चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही शे अंश तापतो. त्यावर डिझेलचं धुकं पडलं तर ठिणगीचीही वाट बघावी लागत नाही. स्टार्टरच्या वायरांवर, ब्रेकच्या नळ्यांवर डिझेल ठिबकत असेल तर तेही आधी थांबव. केबिनमध्ये पावडरचं अग्निशामक ठेव, आणि त्याची तारीख संपलेली नाही ना ते बघ. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पुढे नेतं.

टाकीला बारीक चीर असेल आणि रस्त्यात काही मिळत नसेल, तर कपडे धुण्याचा साबण चिरेत घासून दाबून भरायचा. ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती खरी आहे, डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. घरी येईपर्यंत टिकतो. घरी आल्यावर मात्र कोणत्याही वेल्डिंगवाल्यापुढे टाकी टाकू नकोस. डिझेल ओतून काढलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं नसतं. आत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली टाकी जास्त घातक. जो कारागीर टाकी वाफेने धुतो आणि पाणी भरून मग ज्योत लावतो, त्याच्याकडेच द्यायची. अशी घाई नको म्हणणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात. म्हणू देत.

आता अण्णा. अ‍ॅव्हरेज पडलं की मालकाची पहिली नजर ड्रायव्हरवर जाते. या धंद्यात डिझेल विकलं जातं, हे मी नाकारत नाही. पण हिशोब मांडून बघ. सेकंदाला एक थेंब. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. डिझेलचा थेंब त्याहून बारीक, म्हणून चाळीस धर. दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे दोन लिटरच्या वर. ही झाली दिसणारी गळती. परतीच्या नळीतली गळती, टाकीच्या झाकणातून वळणावर उडणारं डिझेल, आणि हवा घेतल्यामुळे ओढत नसलेलं इंजिन खालच्या गिअरमध्ये रेटून जाळलेलं डिझेल, हे सगळं त्यात मिळव. आजच्या भावाने महिन्याला किती होतात ते तूच काढ. आणि मग ठरव, तो आकडा अण्णांच्या खिशात गेला की रस्त्यावर.

मोजायचं कसं? एकाच पंपावर, एकाच मशीनवर, गाडी सपाट जागेवर उभी करून टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, आणि पुढच्या वेळी तिथेच तशीच काठोकाठ. काट्यावर विसंबायचं नाही. जुन्या १६१३ चा काटा चालतो हेच नवल. ही वही अण्णांच्या हाती दे. त्यांच्याकडून लपवून ठेवू नकोस. गळत्या बंद झाल्यावर काही खेपा अशा मोज. त्यानंतरही हिशोब जुळला नाही तर समोर बसून बोल. आधी बोललास आणि मग गळती सापडली, तर तो शब्द परत घेता येत नाही. या गाडीचं दुखणं सकाळच्या पहिल्या आवाजावरून ओळखणारा माणूस तुला पुन्हा मिळणार नाही. ऊस वाहतुकीच्या ऐन हंगामात नवा ड्रायव्हर शोधणं म्हणजे काय, ते ताईला विचार. भाऊजींनी एकदा तसं केलं होतं.

कामाचा क्रम असा ठेव. उद्या झाकणाखालची पिशवी काढ आणि ऑइलची पट्टी बघ. रविवारी गाडी मोकळी असेल तेव्हा कॅनची परीक्षा. त्याच दिवशी रबरी नळ्या, क्लिपा, तांब्याचे वायसर, डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे. फिल्टर बदलले की हवा काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून दट्ट्या मारायचा, फेस थांबून सलग डिझेल आलं की ते वाहत असतानाच स्क्रू बंद करायचा. मग तसंच मोठ्या पंपाच्या स्क्रूला. तरीही उठली नाही तर नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल डोकावलं की आवळायचे; चेहरा आणि हात लांब. खाली सांडलेलं डिझेल मातीत जिरू देऊ नकोस, थाळी ठेव. ते पुन्हा टाकीतही ओतू नकोस.

एवढं करून कॅनवरही गाडी दम तोडत असेल, तर मला कळव. मी बसने येतो, मग आपण दोघं मिळून पंप उतरवू. माझ्यासमोर.

ताईला नमस्कार सांग. भाऊजींची गुडघेदुखी कशी आहे ते तिने कळवावं.

तुझा,
मामा

ता. क. – वायसर घ्यायला जाशील तेव्हा जुने सगळे तारेत ओवून बरोबर ने. तोंडी माप सांगितलंस तर दुकानदार जवळचं माप बांधून देतो, आणि जवळचं माप गळतं. प्रत्येक मापाचे चार जास्त घे, दोन अण्णांच्या टूलबॉक्समध्ये टाक.